माप

सेलूत माझ्या दुकानाला घड्याळ नव्हतं कधी.
मनमाडकडची गाडी गेली की भाकरी टाकायच्या,
रात्रीची नांदेडकडं धडधडली की फळ्या लावायच्या.
मार्चात गाड्या थांबल्या
आणि दिवस नुसता पडून राहिला
काटवटीबाहेर सांडलेल्या पिठासारखा,
कुठून गोळा करावा कळेना.

आम्ही कासार. आमचा धंदाच हात धरायचा.
बाई समोर बसली, तिचा हात घेतला,
अंगठा आत मुडपला, बोटांची हाडं दाबली
की कळतं, दोन-चार का दोन-सहा.
आणखीही कळतं,
कुणाची बोटं कापसाच्या बोंडांनी फाटलीत,
कुणाला दिवस गेलेत,
कोण रात्रभर झोपली नाही.
ते मी बोलत नाही. मापापुरतं बोलते.

आता नगरपालिकेचा रिक्षा भोंगा लावून फिरतो:
कुणाचा हात हातात घेऊ नका.
उंबऱ्यात बसून ऐकते.
वाटतं, माझंच नाव घेऊन सांगायलेत.

नळाला पाणी आठव्या दिवशी,
आणि हात धुवा घडीघडी.
धुतलेलं पाणी मी घमेल्यात धरते,
त्यानंच फरशी पुसते,
उरलं तर कढीपत्त्याला.
पानं पांढुरकी पडलीत साबणानं.
जगलाय मात्र.

धाकटा ऋषी पत्र्यावर चढून शाळा शिकतो.
खाली रेंज नाही, वर ऊन आहे.
सर विचारतात, ऐकू येतंय का?
सगळी पोरं म्हणतात, हो सर.

मे महिन्यात मुद्रिकाबाईच्या नातीचं लग्न,
वीस माणसं, त्यात भटजी धरून.
चुडा मी फाटकाबाहेरून भरला, नुसत्या तोंडानं:
अंगठा आत घे. अजून आत.
हात ढिला सोड, बाई, भांडायलीस का बांगडीशी?
तीन फुटल्या.
मुद्रिकाबाईचा चेहरा उतरला, पोरगी हसली.
मी म्हटलं, काच हाय ती,
तिला कुठं पंचांग कळतंय.
आणि तीन वरच्या दिल्या, पैसे न घेता.
उधारीच्या वहीत त्या कुणाच्या नावावर मांडू?

महालक्ष्म्या आल्या तशा गेल्या.
एक डझनही खपला नाही.

भादव्याच्या अखेरीला आशामती आली,
दिवेलागणीला, भिंतीच्या कडंकडंनं.
नवरा-बायको दोघं परभणीला सिव्हिलात होते.
ही सुटली. तो अजून नळीवर.
सुईच्या आड येतात म्हणून
नर्सनं हिच्या बांगड्या कापून काढलेल्या,
आणि आता गल्ली
तिच्या तोंडाकडं नाही, मनगटाकडं बघायली.

म्हटलं, भरून घे की, मी सांगते कशा ते.
म्हणाली, नको.
तो आला की भरीन.
आत्ता भरल्या आणि काही झालं तर?
दोनदा काढायचं बळ नाही, मावशी.
तुम्ही फक्त बाजूला काढून ठेवा. हिरव्याच.
माप तर ठावं आहे तुम्हाला.

ठावं होतं. दोन-सहा.
पण पदराबाहेर आलेला हात
तुरीच्या काडीसारखा.
दोन हातांवरून काय माप घ्यावं?
डोळ्यांनी कधी घेतलंच नाही मी.
हात पुढं गेला माझा,
तसाच मागं घेतला, पदराला पुसला.

मग दोन पुड्या बांधल्या,
एक पहिल्या हाताची, एक या हाताची,
वर्तमानपत्रात. आतल्या पानाच्या.
पहिल्या पानावर आकडे होते.
खुंटीला अडकवल्या.
रोज पुसते वरची धूळ. विचारत नाही कुणाला काही.

परवा रात्री अवेळी मालगाडी गेली.
भिंत हादरली,
खुंटीवर पुड्या किणकिणल्या.
मी उठले, चूल पेटवली,
दोन भाकरी थापून झाल्यावर
ऋषी म्हणाला, आई, दोन वाजलेत.