सातवं पान

हुबळीचा डीलर आला, कॉम्प्युटर जोडून गेला,
चहा अर्धाच प्याला,
आणि जाताना टेबलावर बारा पानं ठेवली, एकच पिन मारलेली.
"ह्यात सगळं आहे," म्हणाला. "तासाभरात येतंय बघा."

बावीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली मी.
बीड कापताना नुसत्या आवाजावरून सांगतो,
टूल बोथट झालंय का आत कडक गाठ लागलीय.
खरं ही बारा पानं आवाज करत नव्हती.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
बाहेरच्यांना ते कळायला वेळ लागतो,
मला 'डिफॉल्ट' कळायला लागला तेवढाच.

बसस्टँडसमोर झेरॉक्स काढून घरी नेली, अनगोळला.
जेवण झाल्यावर ताट सरकवून तिथंच पसरली.
पान पहिलं: स्वागत.
पान दुसरं: प्रोग्रॅमला नाव द्या.
रात्री अकरापर्यंत नाव सुचलं नाही.
बायको म्हणाली, पोरांची ठेवताना एवढा इचार केला नव्हतासा.

मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहीत गेलो:
रॅपिड म्हणजे हवेतली धाव, तांबडी रेघ.
फीड म्हणजे कापतानाची चाल, हिरवी.
अर्धविराम म्हणजे ओळ संपली, दम घे.
दुसऱ्या दिवशी ईरण्णानं त्याच्याच खाली कानडीत लिहिलं,
गोल गोल, शेंगदाणे मांडल्यासारखं.
एका ओळीवरून आमचं वाजलंही.
शेवटी दोघांनी मिळून मूळ इंग्रजी खोडलं.

सातवं पान काळं आलं होतं.
नुसती शाई. वर कोपऱ्यात मथळा तेवढा दिसत होता:
शून्य कुठं धरायचं.
मूळ पानं शेठच्या कपाटात,
शेठ दांडेलीला लग्नाला, किल्ली शेठच्या खिशात.

आठव्या पानावर: शून्य धरून झाल्यावर पुढे जा.
बाराव्यावर: अडचण आल्यास सुपरवायझरला विचारा.
सुपरवायझर मीच.

"एल्लादरू हिडीरी, मामा," ईरण्णा म्हणाला. कुठंही धरा.
तसं नसतंय गा.
शून्य चुकून टूल चकवर गेलेलं मी बघितलंय,
त्या खिडकीला अजून काच नाही, पुठ्ठा आहे.

मग जुनी सवय हातात आली.
नमुन्याचा पीस चकमध्ये आवळला,
काळ्या पानाची एक पट्टी फाडली,
पीसच्या तोंडावर धरली
आणि टूल आणत गेलो, केसभर, केसभर,
पट्टी मागं-पुढं ओढत.
अडली तिथं थांबलो.
इथं.
बोटं काळी झाली होती.
आकडा भरला, नमुना काढला, नवा पीस चढवला.

दार लावलं. हिरवं बटण.
बाहेर कुणीतरी दोन भाषांत ट्रक मागं घेत होतं.
आत पांढरं कूलंट उडालं,
आणि स्क्रीनवरची रेघ चालली तशीच टूल चाललं,
कुणाचा हात न लागता. माझा हात उगाच हवेत.

पीस पुसून मायक्रोमीटर लावला.
शंभर मायक्रॉन लांब.
ईरण्णानं माझ्याकडं बघितलं, मी पट्टीकडं.
कागदाची जाडी वजा करायची राहिली होती.

काळ्यावर पेन्सिल उमटेना.
पान उलटं केलं, कोऱ्या बाजूला लिहिलं:
कागद वजा करणे.
खाली ईरण्णापुरती जागा सोडली.