सिन्स आणि फॉर

खानापूरच्या तहसील कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानात मी इंग्रजी अर्ज टाईप करतो.
मराठी आत चालत नाही,
कन्नड मला लिहिण्याइतकं येत नाही,
म्हणून ही तिसरी. हिच्यात दोघंही चुकतो,
मी आणि आतला क्लार्क,
त्यामुळे भांडण होत नाही.

रोज तेच. 'मायसेल्फ परशराम.'
'आय अ‍ॅम हॅविंग टू बफेलो.'
लूजला ओ एक की दोन,
ते मलाही अजून बघून घ्यावं लागतं.
'द' कुठं पडतो कुणालाच ठाऊक नाही;
मी मिठासारखा घालतो, अंदाजानं.

मंगळवारी जांबोटीकडचा मष्णू घाडी आला,
परत आलेला अर्ज घेऊन:
'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स सेव्हंटी इयर्स.'
म्हटलं, मामा, हे चूक.
नुसती वर्षं सांगायची तर फॉर.
सिन्स लावलं की तारीख द्यावी लागते,
कधीपासून ते.

कधीपासून?
त्यानं टोपी काढून आत बघितलं,
तारीख अस्तरात खोचली असल्यागत.
"गाव हितंच होतं की रे.
मीबी.
बोर्ड तेवढा बदलला, दोन डाव."

मी फॉर केलं. वाक्य आता बरोबर.
प्रिंट काढली, दहा रुपये घेतले.

जुना कागद टेबलावरच राहिला.
त्या सिन्सखाली लाल पेनाची रेघ,
आणि बाजूला, बारीक कन्नड अक्षरात,
यावागिंद?

एवढं कन्नड मला येतं.