फालिस्पा

प्रोफेसर एलाडिओंची खोकी आता माझ्याकडे आहेत.
सतरा. सगळी बुटांची.
आतल्या चिठ्ठ्या मीच टाइप केलेल्या, एकोणीस वर्षं,
तुकुमानच्या उकाड्यात, कार्बनने बोटं निळी करत.

तरुणपणी लिओनच्या डोंगरात ते खेचरावरून हिंडले, शब्द गोळा करत.
प्रश्नावलीत एक नियम होता:
गाव सोडून दोन वर्षं झाली, त्याचा शब्द घ्यायचा नाही.
दूर गेलेल्याची जीभ भेसळीची.
म्हणून ते म्हाताऱ्या शोधायचे, दात शाबूत असलेल्या,
बाजारापलीकडे पाऊल न टाकलेल्या,
आणि उंबऱ्यावर बसून विचारायचे,
घंटेच्या लोलकाला काय म्हणता,
वासरू मेल्यावर हंबरत राहते त्या गाईला काय म्हणता.

मग युद्ध. त्यातलं एवढंच सांगत:
सरहद्दीवर शिपायाने वह्या उघडल्या,
उच्चारांच्या खुणा पाहून म्हणाला, ही गुप्त लिपी.
वह्या शेकोटीत गेल्या.
थंडी होती, शिपायांनाही,
हे ते दर वेळी का जोडत, कुणास ठाऊक.

इथे त्यांनी आठवून आठवून सगळं पुन्हा लिहिलं.

फालिस्पा: वाऱ्यावर भिरभिरणारा बर्फाचा बारीक कण.
मी म्हटलं, मी बर्फ पाहिलेला नाही.
ते खिडकीपाशी गेले. ऑगस्ट होता, उसाचे फड पेटलेले,
काळी राख तरंगत येत होती वाळत घातलेल्या चादरींवर.
"अशी," म्हणाले. "फक्त पांढरी."

मी घरी सांगितलं. तेव्हापासून आई ओरडायची,
"दोरीवरचं काढा, फालिस्पा आली!"
मग शेजारीण. मग कोपऱ्यावरचा पाववाला.
प्रोफेसर कानांवर हात ठेवायचे.
चूक, म्हणायचे, साफ चूक.

हुकूमशहा मेल्यावर ते गावी जाऊन आले, एकदाच.
बर्फ भुरभुरत होता. त्यांनी तो शब्द उच्चारला.
दुकानातल्या पोराने विचारलं,
"आजोबा, तुम्ही अर्जेंटिनाचे ना?"
पुढचं सांगितलं नाही.
आमच्यासाठी चीज घेतलं होतं म्हणे, ते कस्टमने ठेवून घेतलं.

काल ती चिठ्ठी सापडली.
माझ्या टाइपाखाली त्यांचं पेन्सिलीतलं अक्षर:
अर्थ दुसरा. जळत्या उसाची राख. तुकुमान.
माहिती देणारा: ए. बार्रिएंतोस, वय बहात्तर.
गाव सोडून: एकेचाळीस वर्षं.
आणि जिथे आम्ही ग्राह्य किंवा अग्राह्य लिहायचो
तिथे काही नाही,
पेन्सिल टेकवून उचलल्याचा
एक ठिपका.