कोपऱ्यातलं घड्याळ

रात्रीचे पावणेबारा. खणभागातलं शटर अर्धं खाली.
उद्या बुधगावच्या दादांचा वाढदिवस,
अठरा बाय दहाचं फ्लेक्स, त्यात एकोणतीस चेहरे,
आणि सॉफ्टवेअर म्हणतं, साइन इन करा.

केलं.
म्हणतं, पासवर्ड चुकला.
पूर्वी बरं होतं, एक सीडी असायची,
ओरखडे पडलेली, चार दुकानं फिरून आलेली,
एकदा आत गेली की घरचीच.
आता दर महिन्याला भाडं भरायचं
आणि तरी उंबऱ्यावर नाव सांगत उभं राहायचं.

काढून टाकलं, पुन्हा घातलं.
सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन बसलं
रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखं.
अँटिव्हायरस बंद केला. राउटरची वायर उपसून
वीस आकडे मोजले, फुंकर मारून खोचली.
पैसे गेलेत, पाच तारखेचा मेसेज आहे,
तो कुणाला दाखवू?
पडद्यावर गोल फिरतोय, नुसता फिरतोय.

मग म्हणालं, ओटीपी पाठवलाय
शेवटी छप्पन्न असलेल्या नंबरवर.

छप्पन्न म्हणजे भूपाल.
पाटीवर दोघांची नावं होती.
त्याच्या नावावर मी ऑइलपेंट मारला,
दर उन्हाळ्यात ते खालून वर येतं.
सहा वर्षं झाली. भांडण प्लॉटरचं,
अडतीस हजारांचं,
आणि एका शब्दाचं, जो मी बोललो.
तो गेला माधवनगरला.

ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो.
त्यातली सात मी फोनकडे बघत काढली.

"हां."
"दस्तगीर बोलतोय."
"म्हाईत हाय. मगाधरनं आकडे येत्यात. घे."
सहा आकडे सांगितले त्यानं
दोन-दोनच्या जोडीनं,
पूर्वी मापं सांगायचा तसे.

टाकले. पुन्हा नन्नाचा पाढा.
जोडणी सुरक्षित नाही म्हणे.
फोन ठेवायला हवा होता मी. त्यानंही ठेवला नाही.
"खाली उजवीकडं घड्याळ बघ."
बघितलं.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

"लाइट गेलती का?"
"दुपारी."
"मग बोर्डावरचा सेल मेलाय. त्याला वाटतंय
अजून नऊ सालच चाललंय. नऊ सालात
ही वर्गणी कुठली आली, मर्दा?"

नऊ सालात दोन स्टुलं होती,
उसना मॉनिटर, मधे भडंगाचा पुडा,
आणि आमची पहिली पत्रिका, जिच्यात आम्ही
नवरीच्या जागी नवऱ्याचं नाव छापलं
आणि रात्रभर दोनशे पत्रिकांवर
हातानं चिकटपट्ट्या लावत हसलो.

वर्ष बदलायला घेतलं. बाण दाबत, एकेक करून.
दहा, अकरा, बारा, पटापट.
एका आकड्यावर बोट जरा अडलं.
तो फोनवर होता, श्वास ऐकू येत होता.
मग पुढचे आकडे.

गोल थांबला.
स्वागत आहे, भूपाल,
असं मला म्हणालं.

"झालं?"
"झालं."
"सेल घाल. वीस रुपयाला येतोय, घड्याळवाल्याकडं."
"घालतो."
"छापतोस कुठं एवढ्या रात्री?"
मिरजेला म्हणालो. तिकडे तर दहालाच बंद करतात,
ते त्यालाही ठाऊक.
"मशीन चालू हाय," तो म्हणाला,
मला, की त्याच्या पोऱ्याला, कळलं नाही.
फोन कट झाला.

एकोणतीस चेहरे कापायला अडीच वाजले.
फाइल पेनड्राइव्हवर घेतली, गाडीला किक मारली.
कुठल्या रस्त्याला लागलो ते राहू दे.

सेल अजून आणलेला नाही.
रात्री मेन स्विच बंद करतो मी, सवय आहे.
सकाळी यंत्र उठतं तेव्हा नऊ साल असतं.
चहा येईपर्यंत
मी तारीख बदलत नाही.