एक्स्टेन्शन दोनशे सतरा

भंगाराच्या यादीत लिहिलं: पेजर, नग चौतीस.
मोजले तेव्हा तेहेतीस भरले.
स्टोअरचा हृषीकेश म्हणाला, "जाऊ द्या ताई,
एखादा पँटीबरोबर धुतला गेला असेल."

बावीस वर्षं मी नेरूळच्या ह्या इस्पितळात
एक्स्चेंजवर. खिडकी नाही. पंखा कुरकुरतो.
डॉक्टरांना मी चेहऱ्याने कमी, उशिराने जास्त ओळखायचे:
नंबर सोडला की कर्णिक मॅडम चाळीस सेकंदांत,
भूलवाले तुंगारे दीड मिनिटात, तोंडात घास असला तरी,
आणि पटवा सर,
त्यांना दोनदा पेजर, मग कँटीनला फोन.
त्या डबीत मावायचे चार आकडे.
बाकीची घाई मला आवाजात भरावी लागायची.

आता ग्रुप आहे. 'आयसीयू तातडी', सभासद एकसष्ट.
खोटं कशाला बोलू, सोय झाली.
ईसीजीचा फोटो जातो, रिपोर्ट जातो,
बेलापूरच्या सिग्नलला अडकलेले सर
गाडीतूनच डोस सांगतात.
मलाही घेतलंय त्यात.
कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही.

परवा रात्री तीन दहाला सिस्टर जॅसिंटाने टाकलं:
बेड चार, पोटॅशियम सहा पॉइंट नऊ.
तीन अकराला एक अंगठा आला.
मग आणखी दोन.
कुणीतरी हात जोडले.
अंगठा म्हणजे निघालो, की नुसतं वाचलं?
आपल्यात अंगठा दाखवणं कशाला म्हणतात
ते काय सांगायचं.

तीन तेराला मी काळा फोन उचलला,
दोनशे सतरा लावला, ड्युटी रूम.
"सर, वाचलंत ते कळलं.
उठलात का?"
पलीकडे लोखंडी पलंग करकरला.
मी ठेवला.

बेड चारचे काका मंगळवारी करंजाड्याला घरी गेले,
बिलावरून तासभर भांडून.

खोका अजून माझ्या टेबलाखाली आहे.
त्यातला एक जण रात्री मधूनच चुकचुकतो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपसूक वहीकडे गेला.
गच्चीवरचा अँटेना तर दिवाळीआधीच उतरवलाय.
बॅटरी संपत आली, एवढंच त्याला सांगायचं होतं.

काढली, वेटिंगमधल्या टीव्हीच्या रिमोटात घातली.
चॅनेल बदलत नाही.
आवाज तेवढा कमी होतो.