शेवटचा स

फुजैराच्या किनाऱ्यावरून मोजली तर
आज एकशे बारा जहाजं नांगरलेली.
आली म्हणावं, तर बंदरात नाहीत.
गेली म्हणावं, तर दिवे लागलेत.
यादिरा म्हणायची, हेच ते क्रियापद
जे तुला तीन महिने जमत नाही.

आमचं ऑफिस जहाजांना माल पुरवणारं:
कांदे, दोरखंड, गोडं पाणी,
एखाद्या खलाशाचा मोडलेला चष्मा.
ती पनामाची, मी देवगडचा.
पाचनंतर इनव्हॉइसच्या पाठकोऱ्या बाजूवर
ती लिहायची: आहे ते आहे तसं लिही.
हवंय, भीती आहे, ठाऊक नाही,
अशा कशाच्याही मागून आलं, तर एक स्वर बदल.
आ असेल तर ए. ए असेल तर आ.
"एवढंच?"
"एवढंच. पण आधी खात्री सोडावी लागते."

आठवीत मिठबावकर बाईंनी विध्यर्थ घोकून घेतला,
पण मला वाटायचं तो शाळेच्या भिंतींवरच राहतो:
खरे बोलावे. रांगेत चालावे.
त्यात बसून कुणाची वाट बघता येते
हे कुठे माहीत होतं.

बेंगास, ती म्हणाली. मी म्हणालो, यावंस.
दोघांच्या शेपटीला तोच स.
तिनं त्याभोवती लाल गोल काढला
आणि पुढे लिहिलं, ओहाला.
अबू सैफ चहाचा पेला घेऊन दारात थांबला.
"हा तर आमचा शब्द! तुमच्याकडे कसा?"
"हजार वर्षांपूर्वी उसना नेला," ती म्हणाली,
"अजून लागतो."

जूनमध्ये तिचा व्हिसा संपला.
नव्याचं विचारलं की अबू सैफ म्हणायचा इन्शाल्ला,
जे त्याच्या तोंडी कधी हो असतं, कधी नाही,
आणि त्या महिन्यात त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

दुबईच्या बसपाशी मी वाक्य घोटून नेलं होतं:
क्वांदो बुएल्वास. परत येशील तेव्हा.
न घडलेल्याला लागतो तो आ, नीट जागेवर.
तोंडातून निघालं बुएल्वेस.
येतेस तेव्हा. नेहमी येतेस, तशी;
कोपऱ्यावर खुबूस आणायला गेलेलं माणूस
येतं, तशी.

लाल पेन तिच्या पर्सला खोचलेलं होतं.
तिनं ते काढलं नाही.
एक पाय पायरीवर ठेवून
माझ्याच चुकीच्या रूपात वाक्य पुरं केलं:
येते तेव्हा कॉफी आणते.