शिफारसपत्र

गणिताच्या थिबोडो बाईंनी दोन्ही वर्षं 'ए' दिला
आणि दोन्ही वर्षं थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली.
त्या लिहितील : हुशार, होतकरू, नियमित.
साठ जणांना तेच, नाव तेवढं बदलून.

उलेट सरांकडे माझा 'सी'.
पण फुटलेल्या बीकरच्या काचा मोज्यात लपवून
मी लंगडत घरी गेले होते,
आणि बटाटे काढायच्या सुट्टीनंतर
मातकट बारा डॉलर
त्यांच्या टेबलावर ठेवले होते,
हे माहीत असलेला माणूस
मेनच्या या टोकाला एकच.

दारात थांबले. सर सँडविच खात होते.
"पत्र हवं होतं, सर."

घास संपवून म्हणाले,
"घोटा भरला का?"

शेवटची तारीख विचारलीच नाही.
मीच सांगितली, निघताना,
जिन्यावरून परत येऊन.